कोतवाल बुकातली दुसरी पोरगी

सरकारी दप्तरात मी आजही एका कोतवालाची मुलगी आहे. माझ्या जन्माची जी नोंद आहे, तिच्यात बापाच्या रकान्यात माझ्या बाबांचं नाव नाही. ती दुरुस्त करून घ्या म्हणून दोन-तीन शहाण्या माणसांनी मला सांगितलं. मी घेतली नाही. का, ते सांगायचं तर आधी बाबांचं सांगावं लागेल.

बाबा अमरावतीला नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. आम्ही कुणबी. मूळ गाव अकोटकडचं, तिथे थोडी शेती, ती बाबांचा पुतण्या वाहायचा. घरात माय, बाबा आणि मी. एकुलती एक, त्यामुळे लाडाने पार बिघडलेली. माझं डोकं लवकर तापतं. तेव्हाही तापायचं. मी आदळआपट करत घरात शिरले की बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "आली का तोफ?" आणि मग स्वतःच्या हाताने चहा करून द्यायचे. त्या काळात मुलीला चहा करून देणारा बाप आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. लोक हसायचे. "मास्तर, पोरीले डोक्यावर बसवून राहिले तुमी." बाबा म्हणायचे, "डोकं माझंच हाय ना?"

त्यांनी मला मॅट्रिक केलं, पुढे मास्तरकीचं शिक्षण दिलं, आणि मी नोकरीला लागून वर्ष झालं नाही तोच एका सकाळी दाढी करता करता ते गेले. सन साठ-एकसष्टचा सुमार असेल.

तेरवी गावी झाली. पुतण्याने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, सगळं नीट केलं. ते मी नाकारणार नाही. पंगती उठल्यावर मात्र चारचौघांत तो मायला म्हणाला, "काकू, तू जिती हाय तवरोक वावर तुयं. तुयानंतर आमचं. हे पोट्टी का काकाच्या पोटची हाय? विकत आनेल हाय, साऱ्या गावाले ठाऊक हाय."

मी तिथेच चवताळले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, आठवलं तरी लिहिण्यासारखं नसेल. पण बोलता बोलता मी मायकडे पाहिलं. ती "खोटं हाय" म्हणेल म्हणून. ती खाली मान घालून बसली होती. तोंडात मूग धरावेत तशी. तिच्या त्या गप्प बसण्याने मला जे झालं ते भावाच्या बोलण्याने झालं नव्हतं.

पुढे फेरफारात माझं नाव लावायला गेलो तेव्हा त्याने अकोटच्या तहसिलीत लेखी हरकत घेतली. मुलगी मयताची असल्याचा पुरावा द्यावा. वावर तीन एकर. खरं सांगते, वावराचं मला काही नव्हतं. आमच्या पोटाला माझी नोकरी होती. पण रात्रंदिवस डोक्यात एकच किडा. मी बाबांची आहे की नाही? आरशापुढे उभी राहून मी स्वतःचं नाक पाहायची. बाबांचं नाक कसं होतं? वीस वर्षं रोज पाहिलेल्या माणसाचं नाक ऐनवेळी आठवत नाही, कराल काय!

मायला विचारलं की एकच उत्तर. "गेलेल्या मानसाले कावून उठवून राहिली तू?"

त्या काळी आमच्याकडे जन्माचा पुरावा म्हणजे कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवालाने एका वहीत लिहून घ्यायचं आणि ठाण्यात कळवायचं, ही वऱ्हाडातली जुनी रीत. कोतवालाला स्वतःला लिहिता येत नसेच. तो वही काखेत मारून पाटलाच्या ओट्यावर जाई आणि पाटील लिही. बाबांच्या गावची अशी वही शोधून नक्कल मागवली. उत्तर आलं, नोंद आढळत नाही. भाऊ मिशीतल्या मिशीत हसला. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत वर्गावर असताना एकदम कपाळावर हात मारला. अगं बह्याड, बाळंतपणाला बाई राहते कुठे? माहेरी! माझा जन्म बार्शीटाकळीजवळच्या आजोळचा. मी, माझा वकील आणि तहसिलीचे दोन कारकून, सगळे मिळून सासरच्या वहीत माहेरचं बाळंतपण शोधत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

शनिवारी अर्धी रजा टाकून अकोल्याची एस.टी. धरली. तिथल्या रेकॉर्ड-खोलीत एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्या माणसाचं ऋण माझ्यावर आहे. वह्या मोडीत, आणि मला मोडी येत नव्हती. नक्कल मिळायला महिना लागेल एवढं सांगून ते मला वाटेला लावू शकले असते. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस बेटा. कोनतं साल?"

साल सांगितलं, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा जन्म, एवढं मायच्या तोंडून कधीतरी ऐकलेलं होतं, ते सांगितलं. ते दोन-तीन सालं मागून बोट फिरवत निघाले. बाबांचं नाव आलं. मी उसळलेच. ते म्हणाले, "थांब. हा मुलगा हाय." मग थोड्या ओळी खाली तेच नाव. मुलगा, मयत, वय अकरा दिवस. पुढच्या सालात परत बाबांचं नाव. मुलगा. आणि परत मयत. वय एक महिना.

मला दोन भाऊ होऊन गेले होते. मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मग माझं साल आलं, पोळा आला. त्या आठवड्यात अख्ख्या गावात एकच जन्म होता. मुलगी. बापाचं नाव वाचताना म्हातारे थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बेटा, बाप म्हनून इथं गावच्या कोतवालाचं नाव हाय. जात महार."

आता खोटं कशाला लिहू. बाबांचं नाव नाही याचं दुःख नंतर आलं. आधी आला तो संताप, त्या शेवटच्या शब्दाचा. मी शिकलेली, मास्तरीण, वर्गात बौद्धांच्या मुलींना पहिल्या बाकावर बसवणारी. आणि त्या स्टुलावर बसून माझं अंग जळत होतं की मला, मला कोणी महाराची म्हटलं! बाबांनी माझं ते तोंड पाहिलं असतं तर चहा दिला नसता.

म्हातारे मात्र वही बंद करेनात. पानं मागे घेतली, पुढे घेतली, बोटावर काही मोजलं आणि खुदकन हसले. "हे पाहा. याच कोतवालाच्या घरी अखाजीच्या, म्हंजे अक्षय्यतृतीयेच्या सुमाराले एक पोरगी झालेली हाय. अन् पोळ्याले ही दुसरी. मधात चार महिने. माय एकच. बकरीले पन पाच महिने लागतात, बेटा!"

मी स्वतःच्या बोटांवर महिने मोजून पाहिले.

"दोघींतली एक त्याची नाई," ते म्हणाले. "वही खोटी बोलून राहिली. कोनाची ते मी नाई सांगू शकत. तुयी माय सांगीन."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी मायसमोर बसले. आरडाओरडा केला नाही. म्हटलं, "माय, मले दोन भाऊ होते म्हणे." बस. तिचा बांध फुटला. कितीतरी वेळ ती नुसती रडत होती, मग सांगू लागली.

दोन पोरं अशी हातातून गेल्यावर माझ्या वेळी आजीने सगळं आपल्या हाती घेतलं. आजी पाटलाच्या घरची, तिचा शब्द मोडायची कोणाची टाप नव्हती. ज्या घरची पोरं वाचत नाहीत तिथे नवं पोर सुपात घालून दुसऱ्या बाईला 'विकायचं' आणि मूठभर ज्वारी देऊन परत 'विकत' आणायचं, ही रीत आमच्याकडे घरोघर ठाऊक. म्हणजे पोर परक्याचं झालं, त्याच्यावर काळाची नजर पडत नाही. मला कोतवालाच्या बायकोच्या ओटीत टाकलं. गावात सुईणपणही तीच करी, माझी नाळही तिनेच कापली होती. पण आजीला एवढ्याने चैन पडेना. तिचं म्हणणं, काळ कोतवालाचं बुक वाचून येतो. या घराच्या नावावर दोनदा लिहिलं, दोनदा तो येऊन गेला. आता लिहूच नका. कोतवालाच्या नावावर लिहा. लिहिणारा पाटील तिचाच दीर. त्याने लिहिलं.

"मंग तेरवीत बोलली कावून नाई?" मी विचारलं.

"बुढीनं शपथ घातली होती. बोलशीन तर पोट्टी जाईन. अन् तुया भावानं इचारलं असतं, कोनाले विकली, तिनं काय काय केलं. सारंच निंगालं असतं." मायने पदराने तोंड पुसलं. "बुढीनं मरताना कागद केला होता अकोल्यात. त्याच्यात असन पाहा काई."

काय निघालं असतं, ते तिने सांगितलं नाही.

आजीचं मृत्युपत्र रजिस्ट्री कचेरीत सापडलं. लिहिणाऱ्याने सुरुवात मोठ्या थाटात केली होती, 'मी शरीराने व मनाने सावध असून', वगैरे. पण मधेच आजी त्याला डावलून स्वतः बोलायला लागली असावी. कारण एक वाक्य असं होतं. 'माह्या लेकीची लेक, जे सुपात घालून कोतवालनीले देली व मूठभर ज्वारी देऊन वापस आनली, तिले माही गळ्यातली एकदानी द्यावी. बुकात दुसरं हाय, ते मी लिहाले लावलं. पोट्टी जावयाचीच हाय.' खाली अंगठा. ती नक्कल मी तिथेच उभ्या उभ्या सहा-सात वेळा वाचली आणि कचेरीच्या पायऱ्यांवर बसून मोठ्याने रडले. एक पानठेलेवाला धावत पाणी घेऊन आला, त्याला वाटलं कोणी गेलं.

अकोटचे नायब तहसीलदार भले माणूस होते. त्यांनी कागद वाचला, हसले, आणि म्हणाले, "कागद चांगला आहे. पण आजी आता नाहीत. त्या वेळची कोणी जिवंत बाई आणा. नाहीतर हरकतदार म्हणणार, म्हातारीने नातीसाठी रचलं."

कोतवाल केव्हाच वारला होता. त्याची बायको होती. एका रविवारी मी तिच्या गावी, म्हणजे आजोळच्याच गावी गेले.

घर गावाबाहेर, शेणाने लख्ख सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. म्हातारी तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मास्तरची पोट्टी ना वं तू?"

"तुम्ही कसं ओळखलं?"

"फोटू पाह्यला ना तुया. ये, बस. पानी घे."

मी म्हटलं, पाणी नको. एस.टी.तून उतरून दोन मैल उन्हात चालत आले होते, जीभ टाळूला चिकटली होती, आणि मी म्हटलं, नको. तिने तांब्या उचलून बाजूला ठेवला. मी घाईघाईने काम सांगितलं. सूप, ज्वारी, कोतवाल बुक, हरकत.

"आता आमी बौद्ध झालो," ती म्हणाली. "सूप-बीप काई मानत नाई. पन घडलं ते घडलं. सांगीन मी साहेबाले." मग थोडं थांबून हसली. "तू पानी नको म्हनते बाई. सव्वा महिना दूध कसं पेली मंग?"

मला कळेना.

तेव्हा तिने सांगितलं ते हे. मी झाले आणि मायला बाळंतज्वर भरला. ती शुद्धीवर नव्हती, छातीत दूध नाही. बकरीचं दूध मला पचेना. तिसऱ्या दिवशी मी रडायचीही थांबले. कोतवालणीची स्वतःची पोरगी चार महिन्यांची, अंगावर पिणारी. आजीने तिला निरोप पाठवला. मागच्या दाराने, गोठ्यात. रोज पहाटे आणि दिवेलागणीला ती येई आणि बैलाच्या गव्हाणीला टेकून मला पाजी.

"माया पोरीले अर्धं, तुले अर्धं," ती म्हणाली. "माई पोरगी रडे मंग घरी येऊन. तिले पेज देवो."

"आणि आजी?"

"बुढी? मी गेली का गोमूत्र शिंपडे साऱ्या गोठ्यात. गव्हानीवर, भिताडावर." ती मनापासून हसत होती. "तुयावर नाई शिंपडलं पन कधी. एक डाव इचारलं मी तिले, पाटलीनबाई, हिच्यावर कावून नाई शिंपडत? तं म्हने, जे पोटात गेलं ते का पानी शिंपडल्यानं निंगते?"

मी विचारलं, बाबांना हे ठाऊक होतं?

"मास्तरले? लेकी, दरसाल यायचा तो. दिवाळी झाली का लुगडं घेऊन. इथंच बसे, तू बसली तिथं. चहा घेई. पोरगी सातवीत गेली, पोरगी मॅट्रिक झाली, पोरगी लय तापट हाय. सारं सांगे, फोटू दाखवे. यंदा नाई आला तं मी समजली."

इतकी वर्षं दिवाळीनंतर बाबा 'शाळेच्या कामाने' एक दिवस अकोल्याला जायचे. माझा बाप या घरात बसून चहा प्यायचा, आणि मी, जिचं निम्मं हाड-मांस या घरचं, मी पाणी नको म्हणाले होते. मी पुढे झाले, तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिने पाय ओढून घेतले. "असं नाई करत आता आमी. ऊठ." बाजूचा तांब्या मी स्वतः उचलला आणि घटाघटा रिकामा केला. ती मिस्कीलपणे बघत होती.

निघताना तिने बजावलं. "सुपाचं सांगतो. दुधाचं नाई सांगत. तू बी नको सांगू. तुयं लगन व्हायचं हाय. लोकायचं तोंड धरता येत नाई."

सुनावणीला मी तिला अकोटला घेऊन आले. भाऊ होता, माय होती, भावाने सोबत आणलेली गावची चार माणसं होती. म्हातारीने सगळं न अडखळता सांगितलं. कोणत्या दारातून सूप बाहेर काढलं, ज्वारी पांढरी होती की पिवळी, तेसुद्धा. भावाच्या वकिलाने उलटंसुलटं विचारून पाहिलं. ती त्याला म्हणाली, "लेका, आमच्या गावची वही म्हनते मले चार महिन्यांत दोन पोरी झाल्या. तुया मायले इचार, होतात का." सगळी कचेरी हसली, भाऊही हसला. हरकत तिथेच मोडली, हे त्यालाही कळलं.

मग नायबसाहेबांनी रिवाजाप्रमाणे शेवटचं विचारलं. "या मुलीशी तुमचं नातं काय?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काई नाई साहेब. मी सुईन."

कारकुनाने लिहायला सुरुवात केली. मी उठले. मला कोणी विचारलं नव्हतं. माय मागून पदर ओढत होती. मी म्हटलं, "साहेब, ते खोडा. यांनी मला सव्वा महिना स्वतःच्या अंगावर पाजलंय. स्वतःच्या पोरीचं तोडून पाजलंय. मी यांच्यामुळे जगले. दूधआई लिहा."

गावच्या चौघांपैकी कोणीतरी "बाप्पा, बाप्पा" म्हणालं. म्हातारी माझ्यावर अशी भडकली की काय सांगू. "पोट्टे, तुले सांगतलं होतं ना म्या! अक्कल हाय का नाई तुले?" नायबसाहेबांनी मायकडे पाहिलं. "हे खरं का, बाई?" वीस-एकवीस वर्षं गप्प राहिलेली माझी माय उभी राहिली आणि म्हणाली, "खरं हाय. अन् माया तोंडून निंगालं नाई, याची मले लाज वाटते."

बयान लिहून झालं की ते वाचून दाखवायचं असतं. कारकून एका सुरात वाचत गेला. सूप, ज्वारी, बुक, सगळं. म्हातारी जमिनीकडे बघत मान हलवत होती. शेवटी त्याने वाचलं, "सदर मुलीस मी सव्वा महिना माझ्या अंगावर पाजले आहे. नाते, दूधआई." आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला.

तिने अंगठा पुढे केला नाही.

"तेवढं पुन्ना वाचा ना, साहेब," ती म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं. मग तिने अंगठा दिला.